चांगुणाबाईच्या घरची मोडकी मूठ

"माझं यंत्र मोडलंय, बाई. कुणी मोडलं ते मला ठाव हाय. पुरावा तेवढा पायजे."

शरणप्पा गुलबर्ग्याच्या पॉलिटेक्निकात शेवटच्या वर्षाला होता. तूर भरडायचं हातयंत्र त्यानं बनवलं होतं आणि वापरून बघायला तिकडच्याच मेहकर खेड्यात चांगुणाबाईच्या घरी ठेवलं होतं. सोमवारी परीक्षक तिथं येणार. यंत्र चाललं नाही तर वर्ष गेलं.

विमलबाईंची तपास-कचेरी हुमनाबादच्या बस-अड्ड्यामागं होती. हरवलेल्या म्हशी आणि पळालेले जावई शोधून त्यांचं बरं चाललं होतं. टिपणं त्यांचे यजमान गुंडेराव घेत, आणि संशय न चुकता भलत्याच माणसावर घेत.

शरणप्पाचा संशय रेवणसिद्धप्पावर होता. हा गावातल्या जात्यांना टाकी लावणारा. यंत्र चाललं तर त्याची छिन्नी गंजणार. पोलिसात अर्ज द्यायचं शरणप्पानं ठरवलंच होतं.

"यंत्र बनवायच्या आधी कुणाला विचारलास?" विमलबाईंनी बसमध्ये विचारलं.

ओसरीवर सगळ्यांना, तो म्हणाला. चांगुणाबाईचे मालक माणिकरावसुद्धा होते. एका माणसात काम उरकावं, असं सगळ्यांचं मत पडलं.

"आन बायका?"

"त्या आत होत्या."

यंत्र दळायच्या खोलीत जमिनीवर होतं. वरची उभी लोखंडी मूठ बुडापाशी वाकून तुटलेली. शरणप्पानं ते टेबलावर बसवलं होतं, म्हणून गुंडेरावांनी लगेच लिहिलं : वरून फेकलं. यंत्राच्या तोंडातली तूर मात्र जागची हलली नव्हती. दोन बाजूंना घडी घातलेलं एकेक पोतं होतं आणि खिडकीत चुलीची लोखंडी फुंकणी.

रेवणसिद्धप्पा म्हणाला, "त्याला माझा घण कामून लागंल, अण्णा? त्ये आपोआप मोडंल." गुंडेरावांनी ही धमकी म्हणून लिहून घेतली.

शेजारच्या नागव्वानं विचारायच्या आधीच काही बघितलं नसल्याचं सांगितलं. चांगुणाबाई चहा ठेवत होती. चुलीशी वाकून नुसत्या तोंडानं फुंकत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

चहा झाल्यावर विमलबाईंनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. चांगुणाबाई आणि नागव्वा दाराआड उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनाही बाहेर बोलावलं.

"फेकलं असतं तर तूर सांडली असती. हे जपून खाली ठेवलंय. घणानं मोडलं असतं तर पोचा पडला असता. ही मूठ वाकून तुटलीय. कुणीतरी ती लांब करून ओढली. चुलीची फुंकणी दळायच्या खोलीत कशाला गेली? मुठीवर चढवायला. लांब कामून करायची? एका हातापुरती होती म्हणून. आन पोती दोन, समोरासमोर." त्या शरणप्पाकडे वळल्या. "तू एका माणसाचं यंत्र केलास, बाळा. हितं जात्यावर दोघी बसतात."

चांगुणाबाईनं मान खाली घातली. "तुझं वर्ष जाईल म्हणून भ्यालो रे आमी. पर एकटीनं दळत बसलं तर बोलू कुणासंगं?"

नागव्वा हळूच म्हणाली, "दिवसभरात तेवढंच बसणं हाय आमचं."

माणिकरावांनी एकदम पानाचा डबा शोधायला घेतला. शरणप्पानं खिशातला अर्ज काढून फाडला आणि रेवणसिद्धप्पाला हात जोडले.

"ऱ्हाऊ दे," रेवणसिद्धप्पा म्हणाला. "जात्याला घालतो तसला बाभळीचा खुंटा करून देतो. पर माप ह्यास्नी इचार."

शरणप्पा आत जाऊन पोत्यावर बसला. "अक्का, खुंटा केवढा पायजे?"

दोघींनी एकीच्या मुठीवर दुसरीची मूठ ठेवून दाखवली. "आन वर जरा जागा सोड," चांगुणाबाई म्हणाली. "बोलताना हात सुटतो."

"गुन्हेगार कोण लिहू?" गुंडेरावांनी विचारलं.

"कुणी न्हाई. पोरानं तपास ओसरीवरच थांबवला होता, असं लिहा."

सोमवारी परीक्षकांनी चांगुणाबाईला तीनदा विचारलं, यंत्र कसं वाटतं. खाली डाळ पडत होती, आणि ती नागव्वाला काहीतरी सांगत होती. मधे थांबायला तिला सवड नव्हती.