न मावलेलं वाक्य

आईच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की दादा कानांत बोटं घालून घरभर फिरायचा. आजारपणात तिची वाचा गेली आणि त्याच दादाला घर खायला उठलं.

धाकटी प्रोग्रामर. तिने आईसाठी बोलकी पाटी बनवली. चित्रांवर बोट ठेवायचं. पाटी शब्द एकापुढे एक जोडून वाक्य करायची आणि बाजारातल्या एका तयार, जरा नाकातल्या आवाजात बोलून दाखवायची.

प्रोग्राम 'सी' या संगणकभाषेतला. तिथला शब्द जोडणारा हुकूम भलताच आंधळा. मेमरीत पुढे जागा उरली आहे का ते तो बघतच नाही, खुशाल शेजारच्या जागेत पाय पसरतो. धाकटीला हे चांगलं ठाऊक होतं. पण आईला लवकर बोलती करायच्या नादात तिने मोजमाप नंतरवर टाकलं होतं. त्यामुळे वाक्य लांबलं की पाटी बंद पडायची आणि आई भिंतीकडे तोंड करून झोपायची. उपचार करणाऱ्या बाईंनी तर बजावलंच होतं, "तिची बोलायची इच्छा मेली, तर माझ्या हातात काही नाही."

एका दुपारी आईने तीन चित्रं दाबली. पाटी म्हणाली, "मला पाणी नको, खिडकी उघडा," आणि बंद पडली.

खिडकीचं चित्र पाटीवर नव्हतंच.

"शेजारच्या जागेतलं काहीबाही वाचलं जातंय. कचरा आहे तो," धाकटी म्हणाली.

दादाने उठून खिडकी उघडली. आईने डोळे मिटून लांब श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी कचरा म्हणाला, "दादा, तुझा चष्मा फ्रिजवर आहे." होता. दादा चष्मा हातात घेऊन उभाच राहिला, घालायचं त्याला सुचेना.

मग एकदा, "धाकटे, मी इथंच आहे, पण..." आणि पाटी बंद. पाटी आता चालू व्हायलाही कुरकुर करत होती. तिने प्रोग्राम उघडला.

"हात लावू नकोस," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "जोडणी सुधारलीस आणि हे बोलणंच थांबलं तर?"

"आणि पाटी कायमची गेली तर? मग आई काय करेल, दादा?"

तिने नेटाने सगळं नव्याने लिहिलं. आधी भरलेली जागा मोजायची. उरलेल्या जागेत मावेल तेवढंच घ्यायचं. शेवटचं घर 'वाक्य संपलं' अशी खूण करणाऱ्या शून्यासाठी राखायचं. न मावलेलं सोडून द्यायचं. तिने पुन्हापुन्हा तपासलं. आता एक अक्षरही शेजारी सांडणं शक्य नव्हतं.

आईने एकच चित्र दाबलं. 'मी'.

"मी इथंच आहे, पण मला सगळं ऐकू येतं हे तुम्हाला कोणी सांगि"

पाटी थांबली. बंद पडली नाही. जागा भरली होती, शून्य आपल्या घरात होतं.

"...तलंच नाही का?"

हे आई म्हणाली. स्वतःच्या तोंडाने, घोगऱ्या, पण तिच्याच आवाजात.

धाकटी तिच्या कुशीत शिरून ढसाढसा रडली. दादा रडताना हसत होता. "आता हिचं काय काम?" म्हणत त्याने पाटी बंद केली, बॅटरीसुद्धा काढली आणि ती टेबलावर ठेवून दिली.

आईला थोडाच दम निघणार! "किती वाळलीस गं, जेवतेस तरी का? आणि हा केस कधी कापणार, असाच फिरला तर लोक काय म्हण..."

ती थांबली. तोंड उघडंच. चेहऱ्यावर कसलाही त्रास नाही, नुसती वाट पाहिल्यासारखी.

"...तील," टेबलावरच्या बंद पाटीतून तोच नाकातला आवाज आला.

आईने मान डोलावली आणि पुढचं बोलू लागली.