तोंडावर सांगता येईल तेवढंच

गोंदिया स्टेशनासमोरच्या टपरीवर चहा पिता पिता हर्षिता एका माणसाला यथेच्छ शिव्या घालत होती. त्या माणसाला तिने कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे काम सोपं होतं.

साप्ताहिकातलं वाचकांच्या पत्रांचं पान ती सांभाळायची. मागच्या महिन्यात देवाधर्मावरच्या एका पत्रापायी कचेरीवर मोर्चा आला, तेव्हा संपादक यादोरावांनी बजावलं होतं, "आणखी एक भांडण दारात आलं की पान बंद. त्या जागी भविष्य छापू." आणि त्या पानात तर हर्षिताचा जीव होता.

"आणि हा कोहमाऱ्याकडचा ओमेश्वर!" ती टपरीवाल्या हिरालालला सांगत होती. "म्हणे विचार मांडतो. नुसती दगडफेक! लोकांना तीनदा मेंढरं म्हणाला—"

"दोनदाच," शेजारून आवाज आला. "तिसऱ्यांदा बकऱ्या."

तिने वळून पाहिलं. धुळीने भरलेल्या चपला, हातात लिफाफा, आणि डोळे असे हसरे की रागावणं कठीण. तिने तेही जमवलं.

"पत्र काऊन परत पाठवलं, मॅडम?"

"वाद घालणं वेगळं, चिखलफेक वेगळी."

"मग हद्द कुठं आहे ते दाखवा. खुंटी ठोकून ठेवतो."

हद्द तिलाही ठाऊक नव्हती. पण ते कबूल कोण करणार? तिने पिशवीतून लाल पेन काढलं.

पुढचे पाच सोमवार हेच. तो बसने यायचा, ती ओळी कापायची, तो एकेका ओळीसाठी भांडायचा.

"'भोंदू' चालते का?"

"नाही."

"'भोळे'?"

"तेही टोमण्यानेच लिहिलंय!"

"टोमणा कागदावर दिसते का?"

"तुमचा दिसतो!"

चहा दोन, भांडण एक. पत्र फोनवरही पाठवता येतं, हे दोघांनाही सुचलं नाही.

पाचव्या सोमवारी तिचं डोकं फिरलं. त्या वेळचं पत्र त्याच्या गावच्या तळ्याबद्दल होतं. धानाला पाणी कधी सोडायचं, ते तिथल्या एका बाईच्या अंगात आलं की ठरायचं. त्या बाईवर त्याने अर्धं पान खर्च केलं होतं.

"कोण ही बाई?"

ओमेश्वर चहाच्या ग्लासात पाहू लागला. "...आई."

"तिला वाचून दाखवलं?"

"पागल झाल्या का?"

"मग हीच तुमची हद्द! तिच्या बाजेवर बसून, तिच्या तोंडावर म्हणता आलं तर तो वाद. त्यासाठी पन्नास किलोमीटर लांब यावं लागलं तर चिखलफेक. जा, वाचून दाखवा. नाहीतर येऊ नका."

पुढच्या सोमवारी बस आली, तो आला नाही.

"आज एकच चहा?" हिरालालने विचारलं. तर ती त्याच्यावरच खेकसली. मग स्वतःवर.

त्याच्या पुढच्या सोमवारी तो आला, जरा वाळलेला. हातात दोन कागद. त्याचं पत्र निम्मं झालं होतं. मेंढरं नव्हती, बकऱ्या नव्हत्या. पाणी धानाला पाहून सोडावं, एवढंच साधं म्हणणं... आणि आता ते कापताच येईना.

दुसरा कागद आईचा. सांगितलेला तिने, लिहिलेला त्याने.

'संपादक बाईले सुशीलाबाईचा नमस्कार. पोरानं तोंडावर वाचलं. दोन दिवस त्याले जेवाले वाढलं नाही, तिसऱ्या दिवशी वाढलं. पटलं नाही, पण आयकलं. आता माझा सवाल. माझ्या अंगात येते ते हा खोटं म्हणते. मग दर सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून, वावर टाकून हा गोंदियाले पळते, तवा याच्या अंगात कोण येते?'

हर्षिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "ही... ही शुद्ध चिखलफेक आहे!"

"नाही मॅडम. तोंडावर म्हटलं तिनं. बाजेवर बसून."

"मग उत्तर दिलंत?"

"तिले नाही." लिफाफ्याचा कोपरा त्याने पार चुरगाळून टाकला होता. "ज्याच्याबद्दल आहे त्याच्या तोंडावर सांगावं, असा तुमचाच नियम... सांगू?"

"नियम आहे तर आहे," ती लाल पेनाकडे पाहत म्हणाली.

"तुम्ही."

तिने पेनाला टोपण लावलं. हिरालालने न विचारता दोन चहा ठेवले.

शुक्रवारी दोन्ही पत्रं शेजारीशेजारी छापून आली. मोर्चा आला नाही. सुशीलाबाईंच्या पत्राखाली बारीक अक्षरात होतं: 'शेवटचा प्रश्न जागेअभावी गाळला आहे.' तो कागद हर्षिताच्या पर्समध्ये होता. उरलेल्या जागेत यादोरावांनी भविष्य छापलं.