कल्पिताचा रिपोर्ट

"कल्पिता मोतीराम कुठे राहतात?" त्यानं विचारलं तेव्हा कल्पिता बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. खांद्याला बॅग, हातात नावांची यादी... वाढवणमध्ये असा माणूस दिसला की तो गावाला नको असलेल्या बंदराच्या सर्व्हेचाच समजायचा. तिनं मान वर न करता सांगून टाकलं, ती लग्न करून मुंबईला गेली.

"बरं. भेटली तर सांगा, तिच्या हृदयाची चौकशी करायला ललित आला होता."

"तशी चौकशी करणारे पुष्कळ येतात."

"मी मशीन लावून करतो –" तो म्हणाला आणि त्याची नजर तिच्या निळसर नखांवर क्षणभर थांबली. तिनं हात ओढणीत लपवले, पण तोवर तो ओळखून गालात हसला होता.

चारचौघांच्या हृदयाला रक्त ढकलणारे खालचे कप्पे दोन असतात. कल्पिता एकच घेऊन जन्मली होती; नखांचा निळेपणा त्याचाच. पाच वर्षांची होईतो तिची तीन ऑपरेशनं झाली. अशी मुलं मोठेपणी कशी आहेत, आणि लहानपणी काढलेल्या हृदयाच्या चित्रांवरून ते आधीच कळलं असतं का, हे मुंबईतले काही डॉक्टर शोधत होते. ललित त्यांच्याकडे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायचा. दर महिन्याला तो डहाणूच्या एका दवाखान्यात येई आणि यादीतल्यांना तपासी. मोतीरामांनी त्याचं ओळखपत्र दोनदा उलटसुलट करून पाहिलं, मग कुठे लेकीला जाऊ दिलं.

ती गेली, पण विश्वास ठेवून नव्हे. हा एवढं गोड बोलतो ते यादी पुरी व्हावी म्हणून, असंच तिला वाटे. गार जेली लावायच्या आधी तो बाटली तळहातांत धरून कोमट करायचा, तेव्हाही ती मनात म्हणायची, सगळ्यांनाच करत असेल.

आणि जानेवारीत तो एकदम गप्प झाला. पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला, माप चुकलं म्हणून पुन्हा घेतलं, तेही पुसलं. काय दिसलं, असं तिनं विचारलं. काही नाही, एवढंच तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

फेब्रुवारीत मशीनजवळ सरला नावाची बाई होती. ललितनं तुमची फाइल सोडली, एवढंच तिला ठाऊक होतं. कल्पिता तशीच त्याला शोधायला बाहेर पडली. रिपोर्ट वाईट असणार, आणि तोंडावर सांगायची याची हिंमत नव्हती.

तो डहाणूतच, पारनाक्याला, समुद्राकाठच्या सुरूंखाली एकटाच बसलेला सापडला. धाप लागली होती, तरी ती उभीच राहिली.

"माझ्या हृदयात काय दिसलं तुम्हाला?"

"गेल्या वर्षी होतं तसंच आहे... चांगलं आहे." तो वाळूकडे बघत होता. "तुझं माप घेताना माझं मन स्थिर राहत नाही, कल्पिता. अशा माणसानं माप घेऊ नये. म्हणून सांगितलं, ही फाइल दुसऱ्याला द्या."

तरी तिचा संशय फिटेना. दया आली असेल याला. दोन स्थळं कळवळूनच परत गेली होती.

"किती वर्षं आहेत माझ्याकडे?"

"माहीत नाही. यादीतली काही जणं नोकरी करतात, एकीला मूल आहे... काही राहिली नाहीत. तुझं काय होईल, ते कुठल्याच चित्रात मला दिसलं नाही."

आजवर प्रत्येकानं तिला हेच सांगितलं होतं, काही होत नाही गं तुला. माहीत नाही म्हणणारा हा पहिलाच. ती हळूच त्याच्या शेजारी वाळूत बसली. वाऱ्यानं तिची ओढणी त्याच्या खांद्यावर गेली... तिनं ती आवरली नाही.

"रविवारी घरी ये," ती म्हणाली. "आई विचारेल, बोंबील तळलेले की कालवणातले."

ललित घुटमळला. "मी... मासे खात नाही."

कल्पितानं त्याच्याकडे वळून पाहिलं. "मग मात्र अवघड आहे," ती म्हणाली, आणि हसू आवरता आवरता तिचं डोकं त्याच्या खांद्याला टेकलं.