सात नंबरचं कॉम्प्युटर बंद होत नाही

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. पण हे ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि त्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणी शाळा बुडवायची असली की हा आधी बाईंना जाऊन सांगून यायचा.

त्याला आम्ही खटक्या म्हणतो. दिसेल तो खटका दाबून बघायचा, म्हणून. पुढे तो कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागला. सगळ्या घराने सुटकेचा निःश्वास टाकला.

मागच्या महिन्यातला दुसरा रविवार. दुपारचे पावणेचार. चौथ्या मजल्यावरचं एक ऑफिस.

रात्र नव्हती. लाइटही गेले नव्हते. बाहेर लख्ख ऊन होतं.

त्या ऑफिसात दिवसभर एकच काम चालतं. विम्याचे कागदी फॉर्म येतात, ते बघून कॉम्प्युटरवर टाइप करायचे. नऊ टेबलं, नऊ कॉम्प्युटर. खिडक्यांना न उघडणाऱ्या काचा. आणि एकच दार; आत येताना, बाहेर जाताना तिथे आपलं हजेरीचं कार्ड लावायचं.

त्या दाराची एक गंमत आहे. ऑफिसातली माणसं कॉम्प्युटर चालू ठेवूनच घरी जायची. साहेबांना रात्रभर झोप लागायची नाही. शेवटी त्यांनी खटक्याकडून एक व्यवस्था करून घेतली. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी सहानंतर, नऊच्या नऊ कॉम्प्युटर शट डाउन झाल्याशिवाय दाराचं बटण आतून चालायचंच नाही.

"आणि आग लागली तर?" खटक्याने विचारलं होतं.

"आग लागल्यावर तरी कॉम्प्युटर बंद करायला नको का?" साहेब म्हणाले.

खटक्याने व्यवस्था करून दिली.

तर त्या रविवारी साहेबांनी त्याला एकट्याला बोलावलं होतं. वॉचमनने वर येऊन किल्लीने दार उघडून द्यायचं आणि किल्ली घेऊन खाली जायचं. मग खटक्याने सात नंबरच्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून तो नव्या मुलीसाठी तयार करायचा. आल्या आल्या त्याने सवयीने बाकीचे आठही कॉम्प्युटर चालू करून तपासले आणि बंद केले.

राहिला सात नंबर.

तो मावशींचा. बावीस वर्षं त्या टेबलावर बसल्या. कोणाच्याच मावशी नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्या होत्या. आठ दिवसांपूर्वी टाइप करता करता छातीत दुखलं, आणि त्यांना स्ट्रेचरवरून खाली नेलं.

परत आल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मावशींनीच खटक्याला बोलावून घेतलं होतं. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली, त्यांचा गुडघा पॉवर बटणाला लागायचा, आणि अर्धा टाइप केलेला फॉर्म घेऊन कॉम्प्युटर बंद. खटक्याने सेटिंग बदललं. बटण दाबलं किंवा दाबून धरलं तरी काहीच करायचं नाही. कितीही वेळ हात लागला नाही तरी झोपायचं नाही. मेनूतून शट डाउन काढून टाकलं, आणि ते एका वेगळ्या चिन्हात ठेवून त्याला मावशींचा पासवर्ड लावला.

"मावशी, आता हा तुमच्याशिवाय कोणी बंद करू शकणार नाही," तो ऐटीत म्हणाला होता.

"शब्द दे," मावशी म्हणाल्या.

त्याने दिला. कोणी मागितलं की देऊन टाकायचं, हा त्याचा स्वभावच.

साहेबांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. खटक्या सात नंबरसमोर बसला. कॉम्प्युटर चालूच होता. आठ दिवस चालूच असणार, त्याचंच सेटिंग; बाकीची माणसं रोज सहाच्या आत सटकत होती. त्याने ठरवलं, आधी नीट बंद करू, मग पुसू. चिन्ह दाबलं, पासवर्ड टाकला.

पडद्यावर चौकट आली...

'या कॉम्प्युटरवर आणखी एक व्यक्ती काम करत आहे. आता बंद केल्यास तिचं काम वाया जाईल.'

असा निरोप येतो. दोघांनी आपापल्या नावाने कॉम्प्युटर उघडला असेल तर येतोच. खटक्याने यादी उघडली.

यादीत एकच नाव होतं. मावशींचं.

'तरीही बंद करा' दाबलं. चौकट गेली.

आणि परत आली.

सहा वेळा. मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरलं. काही नाही. काम उत्तम केलं होतं पठ्ठ्याने.

आता त्याला छातीत ओळखीची शिट्टी ऐकू आली. खटक्याला दमा आहे. एसी रविवारी बंद असतो, खोलीत भट्टी पेटलेली. आणि दम्याचा पंप... खाली. स्कूटरच्या डिकीत. काचेतून स्कूटर अगदी व्यवस्थित दिसत होती.

त्याने दाराचं बटण दाबून बघितलं. लाल. वॉचमनला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. साहेबांना लावला. ते तीन तासांवर कोणाच्या तरी लग्नात होते.

"अरे, पण मी तुला एकट्याला बोलावलं होतं," साहेब म्हणाले. "दुसरं कोण आणलंयस?"

"एकटाच आहे साहेब."

"माझ्या फोनवर हजेरी दिसते. आत दोन माणसं."

मागे ढोल-ताशा वाजत होता. मग साहेब हळू आवाजात म्हणाले, की ते मावशींचं कार्ड असेल. त्यांना उचलून नेलं ना. बाहेर जाताना कार्ड लावलंच नव्हतं कोणी.

हिशेबाने बरोबर होतं. मावशी अजून आतच होत्या.

साहेब निघतो म्हणाले. तीन तास. खटक्याच्या छातीत तीन तास नव्हते.

तो टेबलाखाली शिरला आणि डब्याची मागची वायर सरळ उपटली.

डब्यातल्या पंख्याचा आवाज... थांबला नाही.

वायर त्याच्या हातात. पडदा चालू. आणि वर, त्याच्या डोक्यावर, कीबोर्डची एक कळ वाजली.

टक्.

मग बऱ्याच वेळाने पुन्हा... टक्.

खटक्या टेबलाखालून बाहेर आला. बाहेर यायचं त्याच्या मनात नव्हतं, पण आत हवा नव्हती. पडद्यावर अर्धा भरलेला फॉर्म उघडला होता. शेवटच्या रकान्यात रेघ लुकलुकत होती. शेजारी कागदी फॉर्मचा गठ्ठा, मावशींनी सोडला तसा. वरचा फॉर्म पहिल्या पानावर उघडा. पडद्यावर पहिलं पान पूर्ण टाइप झालं होतं.

दुसरं राहिलं होतं.

"मावशी," तो कसाबसा म्हणाला. "बंद करा ना. मला दम लागलाय."

टक्. टक्. रेघ तिथेच.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. टाइप करता येत होतं त्यांना. पान उलटता येत नव्हतं.

त्याने पान उलटलं.

कळा धडाधड वाजायला लागल्या. बावीस वर्षांचा वेग. नाव, पत्ता, जन्मतारीख, वारसदार. पान संपलं की थांबायच्या. हा उलटायचा. पुन्हा सुरू. सहा फॉर्म होते, बारा पानं. नवव्या पानाला त्याला डोळ्यांपुढे काजवे दिसायला लागले, तर कळाही जरा हळू झाल्या. त्याच्यासाठी थांबल्यासारख्या.

शेवटचं पान झालं. फाइल जतन झाली. चौकट आली नाही.

पंख्याचा आवाज हळूहळू बसत गेला...

दाराचं बटण हिरवं झालं.

चार जिने तो कसा उतरला ते त्याला आठवत नाही. पंप दोनदा ओढला आणि फुटपाथवरच बसला. तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. आत शून्य. बाहेर पडले, दोन. कार्ड त्याने एकच लावलं होतं. स्वतःचं.

आपण म्हणू, झालं, मावशी सुटल्या.

मीही तेच म्हणालो. तर खटक्याने सांगितलं, की त्याचा घरचा कॉम्प्युटर दहा मिनिटं हात लागला नाही तर आपोआप झोपतो. त्यानेच लावलेलं सेटिंग आहे.

त्या रविवारपासून तो झोपलेला नाही.

आता त्याच्या टेबलावर कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा असतो. जाता-येता तो एक पान उलटतो. बायको विचारते तेव्हा म्हणतो, कागदांना हवा लागू देतोय.

परवा गठ्ठा संपला. नवा आणायला म्हणून तो उठला, चप्पल घातली.

दार उघडेना.

मी म्हटलं, "अरे, लॉक अडकलं असेल."

"आमच्या दाराला लॉक नाही," खटक्या म्हणाला. "साधी कडी आहे. आणि ती काढलेली होती."

मग त्याने काय केलं?

जुनाच गठ्ठा उलटा ठेवला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.