दगडावरचं जास्तीचं नाव

स्मारक समितीचे अध्यक्ष जिना चढून आले ते धापा टाकतच. टाय खांद्यावर गेला होता आणि एका बुटाची नाडी सुटलेली होती.

"बाई, नाव वाढलंय!"

खासगी तपासाचा धंदा करणाऱ्या त्या बाईंना अख्खं गाव बारीकबाई म्हणे. अंगानं त्या चांगल्या ऐसपैस होत्या. बारीक होती ती नजर.

"आधी बसा. कुठे वाढलं?"

"युद्धस्मारकावर! गावातली जी माणसं युद्धात कामी आली त्यांची नावं आहेत तिथे. आज अकराला समारंभ. दगड धुवायचा म्हणून दोन दिवस चारी बाजूंनी ताडपत्री लावली होती. सकाळी काढली, तर मधोमध एक नाव जास्त!"

"कोणाचं?"

"एका पळपुट्याचं."

"पळपुट्यालाही आडनाव असतं."

अध्यक्षांनी रुमालानं मान पुसली. "आमचंच. माझे थोरले काका. सैन्यात जखमींची स्ट्रेचरं वाहायचे. सरहद्दीजवळचं ते शहर पडलं त्या दिवशी गणवेश गटारात फेकला आणि साध्या कपड्यांत पळाले. त्यांच्याच तुकडीतल्यांनी पाहिलं. पुन्हा कधी दिसले नाहीत. आमच्या घरात त्यांचं नाव निघत नाही, आणि आता ते चौकात! पाथरवटाला बोलावलंय. समारंभाआधी बुजवून टाकतो. तुम्ही फक्त चोर पकडून द्या."

"चोरानं काही नेलेलं नाही, उलट दिलंय," बाई उठल्या. "भाऊजी, चला."

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, निवृत्त पीटी मास्तर. ते एका उडीत दारात पोचले. "वहिनी, सरळ आहे. पाथरवटच! छिन्नी दुसऱ्या कोणाकडे असणार?"

चौकात खुर्च्या मांडणं चालू होतं. काळ्या दगडावर अकारविल्हे नावं होती. नवं नाव बरोबर आपल्या जागी होतं. वरच्या ओळीशी जेवढं अंतर, तेवढंच खालच्या ओळीशी.

"खाली एवढी जागा रिकामी," भाऊजी म्हणाले, "तरी मधेच घुसवलं!"

बाई वाकल्या. दगडाच्या पायथ्याशी पांढरट पूड पडली होती. त्यांनी ती बोटांत चोळली. पिठासारखी मऊ. मग अक्षरांच्या कडांवरून नख फिरवलं. कुठे ओरखडा नाही, टवका नाही.

पाथरवट नाव बुजवायला घमेल्यात सिमेंटचा मसाला कालवत होता. भाऊजींनी त्याच्यावर बोट रोखताच तो भडकला.

"मी? फुकटात? साहेब, मी पाजलेल्या चहाचे पैसेसुद्धा दोनदा मागतो! आणि ही माझी अक्षरं नव्हेत, माझ्या बापाच्या हातची आहेत. बाप जाऊन जमाना झाला."

"म्हणजे कोणीतरी हुबेहूब नक्कल केली," भाऊजी म्हणाले.

"बेमालूम. त्यात मधे एक ओळ कोरी होतीच, त्याला आयती जागा मिळाली."

"कोरी का ठेवली होती?" बाईंनी विचारलं.

"दगडात खोट असेल तिथे. आम्ही कधी खोलात गेलो नाही," अध्यक्षच म्हणाले. "बाई, वेळ जातोय!"

समोरच्या लॉजवर आठवडाभर एक म्हातारी पाहुणी उतरली होती. दगडासमोर उभी राहून ती नावं वाचताना लोकांनी तिला पाहिलं होतं. बाईंनी दार वाजवलं तेव्हा ती खिडकीशीच बसली होती.

"परवा, काल, इथेच होतात?"

"इथेच. गुडघे कुठे जाऊ देतात?"

"छिन्नीचा आवाज आला?"

"ठक नाही की ठोक नाही."

"या गावात तुमचं कोण?"

पाहुणीनं खिडकीतून दगडाकडे पाहिलं. "माझं कोणी नाही. ज्याचं कोणी आहे, त्याच्या माणसाला भेटून झालं."

जिना उतरताना भाऊजी कुजबुजले, "वहिनी, ही बहिरी असणार!"

"माझी टकटक तिला पहिल्या खेपेला ऐकू आली, भाऊजी."

अध्यक्षांची आत्या दवाखान्यांना दातांच्या कवळ्या करून द्यायची. सत्तरी उलटली तरी हात थांबले नव्हते. पळून गेलेल्या माणसाची ती धाकटी बहीण. खोलीभर प्लास्टरचे जबडे मांडलेले होते, आणि ती एका बारीक आकडीनं साच्यातल्या दोन दातांमधलं प्लास्टर खरवडत होती.

"आत्या, तुला कळलं का?" अध्यक्ष म्हणाले.

"गावाला कळलं, मला नाही कळणार?"

"कोणी कोरलं असेल?" बाईंनी विचारलं.

"मला काय विचारता? मी दात कोरते." आत्या हसली नाही. मग पुतण्याकडे वळली. "एक ऐक माझं. ते नाव परत बुजवू नका."

"आत्या, लोक थुंकतील आपल्यावर!"

"थुंकू देत. पुसायला मी आहे."

बाहेर पडताच बारीकबाईंनी साडीचा काठ उचलला आणि ऐसपैस देहानिशी त्या चौकाकडे चक्क पळत सुटल्या. "भाऊजी, पाहुणीला आणा! उचलून आणा हवं तर! अध्यक्ष, आत्याला घेऊन या!"

पाथरवटानं थापीवर मसाला घेतला होता. खुर्च्या भरल्या होत्या.

"थांब!" बाई ओरडल्या. "हात खाली!"

सगळे जमेपर्यंत त्यांनी कसाबसा श्वास गोळा केला.

"अध्यक्ष, तुम्ही मला विचारलंत, नाव कोणी कोरलं. काल कोणीच कोरलं नाही. ते पहिल्यापासून इथेच होतं."

खुर्च्यांमध्ये कुजबुज उठली.

"दगड कोरला तर चिपा उडतात, कणीदार चुरा पडतो. इथे मऊ पूड आहे, भेगा बुजवायला वापरतात त्या चुन्याच्या लांबीची. छिन्नी चालली तर आवाज होतो. समोरच्या खिडकीत बसलेल्या बाईंना तो आला नाही. अक्षरं पाथरवटाच्या वडिलांच्या हातची दिसतात, कारण ती त्यांचीच आहेत. आणि अकारविल्हे यादीत मधली नेमकी तीच ओळ कोरी कशी? स्मारक उभं राहिलं तेव्हा नाव कोरलं गेलं. नंतर ते कोणीतरी बुजवलं, वरून दगडाचा रंग दिला. परवा-काल ताडपत्रीच्या आत बसून कोणीतरी ती लांबी खरवडून काढली. एकाही कडेला धक्का न लावता."

"कोणी?" अध्यक्षांचा आवाज चिरकला.

"फटीतून प्लास्टर काढण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांनी. गावात प्रत्येक जण म्हणत होता, नाव कोरलं. एकट्या आत्या म्हणाल्या, 'परत बुजवू नका.' परत! आधी एकदा बुजवलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं."

आत्यानं पदर सावरला. "तुझ्या बापानं बुजवलं," ती पुतण्याला म्हणाली. "दादा मेलाच असं समजून नाव कोरलं होतं; तुकडीतले नंतर परतले आणि तो पळाल्याचं बोलले. लोक त्या नावावर चिखल फेकायचे. तो रोज पहाटे येऊन धुवायचा. शेवटी थकला. म्हणाला, पुसत नाही गं, झाकतोय."

"मग आत्ताच का उघडलंस?"

"ते या सांगतील," बारीकबाई म्हणाल्या. पाहुणी भाऊजींच्या दंडाला धरून पुढे आली. "यांना दगडावर एक नाव सापडलं नाही, म्हणून त्यांनी त्या माणसाची बहीण शोधली. ज्याचं कोणी आहे त्याच्या माणसाला भेटून झालं, असं त्याच मला म्हणाल्या."

पाहुणीनं दगडाकडे बघतच सांगितलं. "इस्पितळाच्या तळघरात आम्ही मुलं अडकलो होतो. पुलापलीकडे जायचं होतं. पुलावर शत्रूचा पहारा. गणवेश दिसला की गोळी, सोबतच्यांनाही. त्यानं गणवेश काढला. आम्हांला कडेवर, पाठीवर घेऊन आमचा बापच असल्यासारखा पुलावरून चालत गेला. मला पलीकडे ठेवलं. उरलेल्या मुलांसाठी परत गेला आणि पूल उडाला. मला ठाऊक होतं ते त्याचं नाव आणि या गावाचं."

अध्यक्ष खाली बसले. खुर्चीवर नाही, दगडाच्या पायरीवर.

"तो कशावरून आमचाच?" त्यांनी हळूच विचारलं. "नाव तर कोणाचंही सारखं असतं."

"तळघरात आम्ही रडायला लागलो की तो विनोद सांगायचा," पाहुणी म्हणाली. "पण एकही पुरा झाला नाही. सांगायच्या आधी स्वतःच हसत सुटायचा. मग आम्हीही हसायचो, कशाला ते कळायचं नाही."

आत्यानं तोंडावर हात ठेवला, आणि हाताआडून तिला हसू फुटलं, डोळे भरून वाहत असताना. "तोच! अरे, तोच तो! आईचा मार खायचा त्यापायी!"

भाऊजींनी मोठ्यानं नाक शिंकरलं.

अध्यक्ष उठले. पाथरवटाच्या हातातली थापी घेऊन त्यांनी मसाला घमेल्यात झटकला. "घरी ने," ते म्हणाले. "मजुरी मिळेल."

"काम न करता?" पाथरवट म्हणाला. "आज नको, साहेब."

समारंभ उशिरा सुरू झाला. अध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि दगडावरची नावं एकेक करून वाचायला घेतली. मधल्या ओळीशी ते थांबले. आयुष्यात एकदाही न उच्चारलेलं ते नाव त्यांनी पूर्ण, सावकाश वाचलं. मग दुसऱ्या कोणाच्याही नावापुढे जे जोडलं नव्हतं, ते जोडलं.

"माझे काका."