मधला थांबा

दुपारी नवी पेठ उन्हानं ओस पडली की रुद्रप्पाकाका कापडदुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून आडवे होत. त्या दिवशी मात्र ते माळ्यावरच्या ऑफिसात पुतणीच्या मानगुटीशी उभे होते.

"कॉलेजात हेच शिकलीस न्हवं? मग मेलनं बिलं एवढी रेंगाळत का जातात, बघ की."

"बघतेय काका. जरा सरका, उजेड अडतोय."

श्रीदेवीची घाई वेगळीच होती. पुण्याच्या नोकरीला होकार कळवायची मुदत संध्याकाळी संपत होती. घरात कुणालाच पत्ता नव्हता, आणि तिचा मेल केव्हाचा अडकून पडला होता.

मेल ज्या तुकड्यातुकड्यांनी जातो, त्या पॅकेटांचा तिनं माग काढला. कॉम्प्युटरवरून राउटर, तिथून बाहेर; वाट एवढीच. पण पडद्यावर मध्येच एक जास्तीचा थांबा दिसत होता. प्रत्येक पॅकेट तिथं जाऊन घुटमळत होतं, मगच पुढं सरकत होतं.

त्या थांब्याचा नेटवर्कमधला पत्ता तिनंच दिलेला होता. अज्जांच्या, म्हणजे काकांच्या वडिलांच्या कॉम्प्युटरला. घरात कन्नडच बोलणारे अज्जा गेल्या वर्षी वारले. कॉम्प्युटरही भंगारात गेला.

दुकानातले कॉम्प्युटर जोडणाऱ्या स्विचच्या डबीतल्या वायरी तिनं भराभर उपसल्या. तिची आणि राउटरची तेवढी उरली. तरी एका रिकाम्या खाचेवरचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला… सावकाश. कोंदट माळ्यावर अज्जा लावत त्या विभूतीचा वास दाटून आला.

"काका, अज्जांच्या टेबलाची वायर…"

"कवाच काढली." काकांचा आवाज उतरला होता. "पण अप्पांच्या, तुझ्या अज्जांच्या नजरेखालनं गेल्याबिगर दुकानातनं चिठ्ठी तरी बाहेर जायची का, श्रीदेवी? त्यांनी वाचायची, मगच…"

"अज्जा, मेल्यावरही तुमचंच चालणार का?" ती त्या दिव्याकडे बघून ओरडली.

ती फोन घेऊन तरातरा जिना उतरली, शटरखालून वाकून रस्त्यावर आली. दुकानाचं वायफाय बंद केलं, फोनच्या इंटरनेटवरून होकार पाठवला. क्षणात गेला. तिनं श्वास सोडला.

उत्तर लगेच आलं. "आपला नकार समजला. शुभेच्छा."

पाठवलेला मेल तिनं उघडून पाहिला. होकारच होता, शब्द न् शब्द तिचा. तिनं कंपनीला फोन लावला.

"मॅडम, मी श्रीदेवी. मी नकार दिलेला नाही."

पलीकडची बाई गोंधळली. "अहो, आत्ताच तर तुमचा फोन आला होता. मेल आला तरी धरू नका, म्हणालात."

"मी?… मी नाही केला."

"तुमचाच आवाज होता. शेजारी कुणी म्हातारे होते ना? हळूहळू कन्नडमध्ये काहीतरी सांगत होते. आणि तुम्ही…" ती अडखळली. "तुम्ही हुंदके देत होतात. बराच वेळ. आता बऱ्या आहात ना?"

श्रीदेवी बोलायला गेली. घसा पार बसला होता. तिनं गालाला हात लावला, तर तो ओला होता, आणि रडून रडून सुजावेत तसे डोळे चुरचुरत होते.