रणात

"ताई, एकदा बघून तरी घ्या," असं म्हणत भावजयीनं टॅब तिच्या मांडीवर ठेवला. धाकटा भाऊ दाराशीच उभा होता. तीन महिने तो ताईशी एक शब्द बोलला नव्हता, आणि त्या अबोल्याचं तिला आताशा काहीच वाटेनासं झालं होतं.

छापखाना घरचा. वडिलांमागे धाकट्याला उभं करायचं म्हणून तिनं कॉलेज सोडलं आणि एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. ताईच्या नजरेतून सुटलेली एक वेलांटी दाखवा, अशी पैज लेखक आपसांत लावत. पुढे छापील पुस्तकं खपेनाशी झाली. हा शब्दकोश शेवटचा, यापुढे सगळं पडद्यावर, असं धाकट्यानं ठरवलं तेव्हा ती भांडली होती, रडली होती. मग कोश छापून आला, आणि धाकट्यानं स्वतः लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत, 'जिच्या ऋणात हे घर उभं आहे, त्या ताईस' याऐवजी 'जिच्या रणात' छापलेलं निघालं! चारचौघांत हसं झालं. मुद्रितावर सही तिचीच होती. ताईच्या हातून चूक सुटत नाही, म्हणजे तिनं ती पाहून सोडली, मुद्दाम... एवढंच बोलून धाकट्यानं तोंड फिरवलं. त्या दिवशी मन जे बधिर झालं ते झालंच. यंत्रं उचलून नेली तेव्हाही ती भाजी निवडत बसली होती.

आता ती टॅबवर आलेल्या त्याच कोशाकडे बघत होती. छान झालाय म्हणाली, अक्षर सुबक आहे म्हणाली. धाकटा दोन पावलं पुढे आला आणि थबकला. पडदा केव्हाच विझला होता, तरी ती वाचतच होती.

"ताई... कधीपासून?"

"कोशाच्या 'प'पासून."

'प' म्हणजे चार वर्षं! 'प'पासून 'ह'पर्यंतची सगळी पानं तिनं दार लावून, भिंगाखाली धरून वाचली होती. कळलं असतं तर धाकट्यानं कोश तिथंच थांबवला असता, हे ती जाणून होती.

"मग ती अर्पणपत्रिका..."

"तू समोर उभा होतास रे. भिंग कसं काढणार?"

धाकटा तिच्या पायाशी मटकन बसला. त्यानं पडदा उजळला आणि बोटांनी अक्षरं मोठी करत गेला, पडद्यावर एकच शब्द मावेपर्यंत. ऋणात. इथं त्यानं ती चूक दुरुस्त केली होती. ताईनं तो शब्द वाचला, बोट सरकवत पुढचा, मग त्याच्या पुढचा... चार वर्षांत भिंगाशिवाय वाचलेली ती पहिली ओळ. धाकटा हुंदके देत होता. तिला मात्र रडू येत नव्हतं.

"शेवटी पूर्णविराम राहिलाय," ती म्हणाली.

"राहू दे, ताई."

सवयीनं तिचा हात खुणेच्या पेन्सिलीकडे गेला होता. तो तिनं त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक चूक पाहूनही तशीच सोडली.